हान काळातला कलश फोडणारा बंडखोर म्हणायचा का? (सिएटलमधलं आय वेवे प्रदर्शन)

बेलव्ह्यूकर

मंडळी, सरळच विचारते. दोन हजार वर्षं जुना मातीचा कलश हातातून मुद्दाम सोडून देणाऱ्या माणसाला बंडखोर म्हणायचं का?

सिएटल आर्ट म्युझियममध्ये यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, १२ मार्चपासून आय वेवे या चिनी कलाकाराचं प्रदर्शन लागलंय, ७ सप्टेंबरपर्यंत आहे. नावातच 'रिबेल' आहे. १३० च्या वर कलाकृती, चाळीस वर्षांचं काम. अमेरिकेत त्याचं एवढं मोठं प्रदर्शन आजवर झालेलं नाही. सध्या आईबाबा आलेत, त्यांना घेऊन गेले होते.

बाबा हयातभर इतिहास शिकवत होते. निवृत्तीनंतर सातारा भागातल्या गावोगावी फिरून वीरगळांच्या (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांच्या) नोंदी करतात. कुठे धुणं धुवायच्या दगडाखाली, कुठे गोठ्याच्या पायरीला लावलेला वीरगळ सापडला की गावकऱ्यांची मनधरणी करून तो उचलून देवळाशेजारी उभा करायचा, हा त्यांचा उद्योग. असा माणूस त्या तीन चौकटींसमोर आला. पहिल्या चौकटीत कलश हातात, दुसऱ्यात हवेत, तिसऱ्यात पायाशी खापरं. तिन्हीत आय वेवेचा चेहरा जसाच्या तसा, पापणीही हललेली नाही. मूळ कृष्णधवल फोटो १९९५ चे. पुढे त्याने स्वतःच तेच चित्र लेगोच्या ठोकळ्यांत केलं. बाबा म्हणाले, "याला बंड म्हणतात? हा माज आहे." आणि पुढच्या दालनात निघून गेले.

मला तसं वाटत नाही. १९६६ नंतर, सांस्कृतिक क्रांतीत, चीनच्या सरकारनेच 'चार जुन्या गोष्टी' नष्ट करा म्हणून पोरांच्या हातात हातोडे दिले. जुन्या चालीरीती, जुनी संस्कृती, जुन्या सवयी, जुने विचार. मंदिरं, ग्रंथ, मूर्ती, किती गेलं त्याला गणती नाही, आणि त्याबद्दल कोणाला जाब विचारला गेला? या माणसाने एक कलश कॅमेऱ्यासमोर, स्वतःचा चेहरा दाखवून, स्वतःच्या नावाने फोडला. तीस वर्षं जग त्याला जाब विचारतंय आणि तो देतोय. सत्तेने केलेली मोडतोड बिननावाची राहते, त्याने ती आपल्या नावावर घेतली. मला हे फार धाडसाचं वाटतं.

तुम्हाला काय वाटतं?

गुळपोळी

वाचतेय. आमच्याकडे आजीच्या लोणच्याची चिनी मातीची बरणी माझ्या हातून फुटली होती, आई अजून पाहुण्यांसमोर विषय काढते. तिला हा फोटो दाखवायची माझी हिंमत नाही.

उलटतपासणी

बाबांशी सहमत. धाग्याच्या लेखिकेचा युक्तिवाद नीट वाचला, पण पटला नाही. सरकारने हजार मूर्ती फोडल्या म्हणून मी एक फोडली, हे समर्थन कसं होईल? तो कलश त्याने विकत घेतला असेल, पण बनवला नव्हता. ज्या कुंभाराने बनवला त्याची परवानगी कोणी घेतली? पैसे मोजले की वस्तूचं काहीही करता येतं, हा विचार तर सत्तेचाच.

मी जे वाचलंय त्यानुसार एक नाही, दोन कलश फुटले. पहिल्या वेळी फोटो नीट मिळाला नाही म्हणून दुसरा फोडला. फोटोसाठी!

आणखी एक. चीनविरुद्धचं बंड अमेरिकेतल्या संग्रहालयात, देणगीदारांच्या पैशावर, तिकीट लावून दाखवणं यात जोखीम कसली? तिथे टाळ्याच मिळणार.

कृष्णाकाठ

+१ उलटतपासणी.

खडूफळा

मी चित्रकला शिक्षक होतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत. या माणसाचं बालपण माहीत असल्याशिवाय त्याच्या कामावर बोलू नये असं माझं मत, म्हणून थोडं लिहितो.

वडील आय चिंग. चीनमधले फार मोठे कवी. १९३२ मध्ये आधीच्या राजवटीने त्यांना शांघायमध्ये तुरुंगात टाकलं होतं, म्हणजे क्रांतीच्या बाजूने तुरुंगात गेलेला माणूस. आणि ज्यांच्यासाठी गेले त्याच पक्षाने पुढे त्यांना 'उजवे' ठरवून १९५८ मध्ये हद्दपार केलं. आय वेवे तेव्हा वर्षाचाही नव्हता. आधी ईशान्येला, मग पार शिनजियांगमध्ये. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात तर वाळवंटाच्या कडेला, जमिनीत खणलेल्या खड्ड्यात घर, वर काटक्या आणि चिखलाचं छप्पर. देशातल्या पहिल्या फळीतल्या कवीला रोज गावाचे संडास साफ करायचं काम. मुलगा हे बघत मोठा झाला. वडिलांचं पुनर्वसन झालं तेव्हा हा विशीच्या पुढे गेला होता.

वडिलांनी घरातली पुस्तकं स्वतः जाळली, रेड गार्डच्या, म्हणजे त्या हातोडेवाल्या पोरांच्या, भीतीने. मुलाने पानं फाडून दिली आणि वडिलांनी ती आगीत टाकली, असं त्याने स्वतः सांगितलंय. असं पोर मोठं होऊन जुनी वस्तू फोडतं तेव्हा त्याच्या मनात काय चाललं असेल याचा विचार करून मग माज म्हणा.

बेलव्ह्यूकर

खडूफळा सर, मनापासून आभार. इथे एक भर घालते. त्याच प्रदर्शनाचा एक भाग व्हॉलंटियर पार्कमधल्या एशियन आर्ट म्युझियममध्ये आहे, ती वेगळी इमारत. तिथे मोनेच्या कमळांच्या चित्राची लेगोतली आवृत्ती आहे: साडेसहा लाख ठोकळे, २२ रंग, भिंतभर पसरलेली, सुमारे १५ मीटर लांब. निळं-जांभळं-हिरवं पाणी बघत बघत चालत जावं तर मध्येच उजव्या बाजूला एक काळं भोक लागतं. ते त्या शिनजियांगमधल्या घराचं दार. जवळ गेलं की नुसते ठोकळ्यांवरचे गोल दिसतात, काहीच कळत नाही. चार पावलं मागे सरकलं की दार परत दिसायला लागतं. आई तिथे बराच वेळ पुढे-मागे करत होती.

उलटतपासणी, जोखमीबद्दल तुम्ही लिहिलंत त्याला उत्तर देणार आहेच, जरा पोरांची जेवणं उरकू देत.

सळईमास्तर

मी स्थापत्य अभियंता. कलेतलं फारसं कळत नाही, पण त्याचं एक काम मी लंडनला २०१५ मध्ये पाहिलं, रॉयल अकादमीत. जावई तिकडे होता म्हणून गेलो होतो. त्याबद्दल लिहितो.

१२ मे २००८, सिचुआनचा भूकंप. दुपारी २ वाजून २८ मिनिटं. शाळा भरलेल्या. आजूबाजूच्या इमारती उभ्या आणि शाळा जमीनदोस्त, असं ठिकठिकाणी झालं. आमच्या धंद्यात याचा अर्थ लगेच लागतो. पोकळ तयार स्लॅब नुसते भिंतीवर ठेवलेले, एकमेकांना आणि तुळयांना बांधलेले नाहीत, सळई कमी, सिमेंट कमी. जमीन हलली की स्लॅब सुटतो आणि सरळ खाली येतो. खाली वर्ग.

सरकार मेलेल्या मुलांची यादी देईना. आय वेवेने ब्लॉगवर आवाहन करून स्वयंसेवक जमवले, ते गावोगाव दारोदार गेले, पोलिसांनी हुसकलं तरी परत गेले. ५,१९६ नावं जमवली. नाव, जन्मतारीख, शाळा, वर्ग.

आणि त्या पडलेल्या शाळांतल्या वाकड्यातिकड्या सळया त्याने विकत घेतल्या. माणसं लावून एकेक सळई हाताने ठोकून सरळ केली, वर्षानुवर्षं ते काम चाललं. एकूण दीडशे टनांहून जास्त. लंडनला त्यातल्या ९० टन मांडल्या होत्या, जमिनीवर रचून, मध्ये भेगेसारखी फट ठेवून. भिंतीवर सगळी नावं.

आमच्या साइटवर वाकलेली सळई सरळ करायची म्हणजे काय ते मला माहीत आहे. पाइप घालून पीळ काढायचा, मग दगडावर ठेवून घणाने ठोकायचं, मग डोळा लावून बघायचं, परत ठोकायचं. ८ मिमीची सोपी जाते, १६ ची जीव काढते. आणि इथे तर ती परत वापरायचीही नाही. तिथे उभा राहून मी एकच बघत होतो, एकही सळई वाकडी ठेवलेली नाही. मला भाषणाची गरज वाटली नाही.

मातीकाम

सळईमास्तर, डोळ्यांत पाणी आलं वाचून.

बेलव्ह्यूकर

सळईमास्तर काका, सिएटलच्या प्रदर्शनात छताला एक लांबलचक साप लटकवलाय, शाळेच्या दप्तरांचा. दप्तर दप्तराला जोडत गेलेला. तो त्याच भूकंपातल्या मुलांसाठी. म्युनिकला २००९ मध्ये तर त्याने इमारतीच्या दर्शनी भिंतीवर नऊ हजार दप्तरं लावून एका आईचं वाक्य चिनी अक्षरांत लिहिलं होतं. तिची मुलगी या जगात सात वर्षं आनंदात राहिली, एवढंच ते वाक्य.

आता जोखमीबद्दल. अशीच यादी करणारा तान त्सुओरेन नावाचा कार्यकर्ता चीनमध्ये पाच वर्षं तुरुंगात गेला. त्याच्या बाजूने साक्ष द्यायला आय वेवे ऑगस्ट २००९ मध्ये चेंगदूला गेला, तर पोलीस रात्री हॉटेलच्या खोलीत घुसले आणि डोक्यात फटका मारला. महिन्याभराने म्युनिकला त्या दप्तरांचं काम लावताना डोकं असह्य दुखायला लागलं, मेंदूत रक्तस्राव निघाला, तिथेच शस्त्रक्रिया झाली. जानेवारी २०११ मध्ये त्याचा शांघायमधला स्टुडिओ पाडला. ३ एप्रिलला बीजिंग विमानतळावर उचलला, ८१ दिवस कोठडी. मग करचुकवेगिरीचा ठपका, दीड कोटी युआन. पासपोर्ट जुलै २०१५ मध्ये परत मिळाला. अमेरिकेत आज टाळ्या मिळतात हे खरं, पण त्या आधी त्याने किंमत मोजलीय ना.

मालवणी_तडका

त्या कराचं सांगा की! लोकांनी पैसे जमवून दिले त्याला, सुमारे तीस हजार जणांनी. काहींनी तर नोटांची विमानं करून रात्री त्याच्या अंगणात भिंतीवरून फेकली. माझ्या अंगणात फक्त शेजाऱ्यांचे नारळ पडतात.

गुळपोळी

नारळ म्हणजे पण लक्ष्मीच, तक्रार करू नका.

लंडनवासी

सळईमास्तर म्हणतात तेच प्रदर्शन मीही पाहिलं. माझ्या डोक्यातून न जाणारी गोष्ट म्हणजे त्या सहा लोखंडी पेट्या. बाहेरून बंद खोकी, उंचीला माणसाएवढी. बारीक झरोक्यातून आत डोकवायचं. आत कोठडीचा हुबेहूब देखावा, अर्ध्या मापाचे पुतळे. तो जेवतोय, दोन शिपाई शेजारी उभे. झोपलाय, दोन शिपाई उभे. अंघोळ करतोय, संडासला बसलाय, दोन शिपाई तिथेही, डोळ्याला डोळा लावून. आपण वाकून बघत असतो आणि मग लक्षात येतं की तिसरा पहारेकरी आपणच. माझ्या मागे रांग होती, सगळे आपापली पाळी यायची वाट बघत होते.

आणि याच प्रदर्शनाला येताना ब्रिटिश व्हिसा कार्यालयाने त्याला आधी फक्त वीस दिवसांचा व्हिसा दिला. अर्जात गुन्हा लपवलास म्हणे! त्याच्यावर फौजदारी गुन्हा कधी सिद्धच झाला नव्हता. बोंबाबोंब झाल्यावर गृहमंत्र्यांनी माफी मागून सहा महिन्यांचा दिला. सत्ता फक्त बीजिंगमध्ये राहत नाही.

उलटतपासणी

कोठडी, मारहाण, पासपोर्ट, हे सगळं मान्य. माणूस म्हणून त्याच्या धैर्याबद्दल मी शंका घेतलीच नव्हती. पण धैर्यवान माणसाची प्रत्येक कृती बरोबर ठरते का? २०१६ मध्ये तो ग्रीसच्या लेस्बोस बेटावर दगडगोट्यांत पालथा झोपला आणि समुद्रात बुडून मेलेल्या आलान कुर्दी या चिमुकल्या सीरियन मुलाची नक्कल करून फोटो काढून घेतला. एका भारतीय नियतकालिकासाठीच तो काढला होता आणि दिल्लीच्या कला मेळ्यात लावला होता. साठीकडे झुकलेला जगप्रसिद्ध माणूस त्या लेकराच्या जागी झोपतो. मला ते पाहवलं नाही. भूकंपात त्याने मुलांची नावं पुढे आणली, इथे मुलाच्या जागी स्वतः आला. हा फरक मला फार मोठा वाटतो.

मातीकाम

हे मात्र अगदी पटलं.

मी पुण्यात कुंभारकाम शिकवते. मला त्याच्या सूर्यफुलाच्या बियांबद्दल लिहायचंय. २०१० मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये दहा कोटी बिया पसरल्या होत्या, सगळ्या पोर्सेलिनच्या. एक बी साच्यातून काढायची, साफ करायची, भाजायची, मग कुंचल्याच्या तीन-चार फटकाऱ्यांत काळ्या रेघा ओढायच्या, परत भाजायची. चिंगदचनमध्ये सुमारे सोळाशे माणसांनी दोन-अडीच वर्षं हे केलं. हे गाव हजार वर्षं दरबारासाठी भांडी घडवत आलंय. ज्यांनी कधी पोर्सेलिनवर रेघ ओढलीय त्यांना कळेल, पातळ काळा रंग कोऱ्या बिस्किटावर (एकदा भाजलेल्या मातीवर) लागला की लगेच शोषला जातो, पुसता येत नाही. प्रत्येक रेघ शेवटची. आणि दहा कोटी! माओच्या पोस्टरवर माओ सूर्य आणि जनता त्याच्याकडे तोंड करून असलेली सूर्यफुलं. लांबून राखाडी रेती, हातात घेतली की एकही बी दुसरीसारखी नाही.

पहिले काही दिवस लोक त्यावर चालत होते, बसत होते. मग धूळ उडायला लागली, ती फुप्फुसाला वाईट, म्हणून दोर बांधून बंद केलं. आमच्याकडे सुकी माती झाडूने कधीच काढत नाही, ओल्या फडक्याने पुसतो, ते याचसाठी.

पण माझी तक्रार अशी. सळयांच्या कामात भिंतीवर मुलांची नावं आहेत. त्या बियांवर सोळाशे जणांपैकी कोणाचं नाव आहे? त्यांना कामाचे पैसे मिळाले, गावात काम नव्हतं तेव्हा काम मिळालं, हे चांगलंच. चिंगदचनमध्ये अशीच परंपरा आहे, एक माणूस फक्त काठ घडवतो, एक फक्त निळी रेघ ओढतो, हेही खरं. तरी नावं मांडायची ताकद ज्याला इतकी कळते त्याने ती इथेही मांडायला हवी होती.

खडूफळा

मातीकाम ताई, ही बाजू माझ्या ध्यानात आली नव्हती. विचार करतो.

मालवणी_तडका

चार्टर्ड अकाउंटंटचा प्रश्न: दहा कोटी बिया मोजल्या कोणी?

मातीकाम

वजनावरून असणार! दीडशे टन होत्या म्हणे. शंभर बिया तोला, पुढचा हिशोब तुमच्याकडे.

मालवणी_तडका

एक बी दीड ग्रॅम. जमलं. धन्यवाद ताई.

इतिहासवेडा

अवांतर, पण राहवत नाही. सिएटलला समुद्राकाठच्या ऑलिंपिक स्कल्प्चर पार्कमध्ये मे महिन्यापासून त्याची राशिचक्रातल्या बारा प्राण्यांची काशाची मुंडकी लावलीत ना? त्याचा आणि आपला संबंध आहे.

मूळ मुंडकी बीजिंगजवळच्या युआनमिंगयुआन राजवाड्यातल्या कारंज्याची. छ्येनलुंग या मांचू सम्राटासाठी युरोपातून आलेल्या जेझुइट पाद्र्यांनी आराखडा केला. १८६० मध्ये दुसऱ्या अफूयुद्धात इंग्रज-फ्रेंच फौजांनी राजवाडा लुटला आणि मग इंग्रजांनी तो पेटवला. त्या फौजेत हिंदुस्थानी पलटणीही होत्या. पेटवायचा हुकूम देणारा लॉर्ड एल्गिन दोनच वर्षांत आपला व्हाइसरॉय झाला आणि १८६३ मध्ये धर्मशाळेला मेला, तिथल्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे.

आता अफू. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनमधल्या कँटनला जायची. त्या व्यापारात जमशेटजी जीजीभॉय गडगंज झाले. त्यांच्या एक लाखाच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा निघाली, तेच आपलं जेजे. चीनमधल्या राजवाड्याची राख आणि आपल्याकडचं कलाशिक्षण एकाच व्यापाराशी बांधलेलं आहे, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवं असं मला कळकळीने वाटतं.

बारापैकी सात मुंडकीच आज ठाऊक आहेत. उरलेली पाच, म्हणजे नाग, ड्रॅगन, बोकड, कोंबडा आणि कुत्रा, आय वेवेने कल्पनेने घडवली. चीनचं सरकार ती राष्ट्राची अस्मिता म्हणून परत मागतं आणि हा म्हणतो, युरोपियनांनी मांचू राजासाठी केलेली ती कारंज्याची तोंडं. हे बोलायला जिगर लागते.

जेजेचा_माजी_विद्यार्थी

इतिहासवेडा, हे आम्हाला पाच वर्षांत कोणी सांगितलं नाही!

जेजेचा विषय निघालाच आहे तर आपल्या बंडखोराचंही नाव घेऊ. फ्रान्सिस न्यूटन सोझा, गोव्यातल्या साळगावचा. 'छोडो भारत' चळवळीत होता म्हणून जेजेतून काढून टाकला. १९४७ मध्ये त्याने आणि मित्रांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. आणि त्याच सोझाची चार आणि अकबर पदमसींची तीन चित्रं २०२३ मध्ये मुंबईच्या कस्टम्सने 'अश्लील' म्हणून अडकवली. दोघेही तोवर वारलेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कस्टम्सचा हुकूम रद्द केला, नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे असं बजावून.

आणि संग्रहालयातली सत्ता बघायला चीनला जायला नको. फेब्रुवारी २०१९, मुंबईची राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची इमारत, चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन. अमोल पालेकर पाहुणे म्हणून बोलत होते. स्थानिक कलाकारांच्या सल्लागार समित्या बरखास्त झाल्या, आता काय लावायचं ते दिल्लीत ठरणार, एवढंच ते विचारत होते. त्यांना मध्येच थांबवलं, बरवेंवर बोला म्हणाले. त्याची चित्रफीत सगळ्यांनी पाहिलीय. बरवे असते तर काय म्हणाले असते?

कृष्णाकाठ

बरवे असते तर त्यांनी त्या रिकाम्या खुर्च्यांच्या सावल्या काढल्या असत्या आणि आपण पन्नास वर्षं त्या बघत बसलो असतो. फार प्रेमाने म्हणतोय.

सळईमास्तर

माझ्या आधीच्या प्रतिसादात एक लिहायचं राहिलं होतं, लिहू की नको करत होतो.

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मी उमरगा भागात पुनर्वसनाच्या कामावर होतो, तेव्हा नोकरीला नवा. तो भूकंप ३० सप्टेंबरला पहाटे ३:५६ ला झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर मातीचं माळवद. सगळं अंगावर आलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. शाळा रिकाम्या होत्या एवढंच बरं, पण पोरं घरी आईबापाशेजारी झोपलेली होती.

आम्ही नवीन गावठाणाचे नकाशे घेऊन जायचो तेव्हा एक आजोबा रोज यायचे आणि विचारायचे, यात आमच्या गल्लीतल्या माणसांची नावं कुठायत? नकाशात प्लॉट नंबर असतात, नावं नसतात. साहेब हसायचे. मी नकाशाच्या मागच्या कोऱ्या बाजूला ते सांगतील तशी नावं लिहून घेतली, एक संपूर्ण गल्ली. लंडनला त्या भिंतीसमोर उभा होतो तेव्हा मला चिनी अक्षर एकही वाचता येत नव्हतं, पण काय लिहिलंय ते कळत होतं.

बेलव्ह्यूकर

काका, तो नकाशा अजून आहे का तुमच्याकडे?

सळईमास्तर

मूळ कचेरीत जमा केला. मागच्या बाजूची नक्कल आहे.

इतिहासवेडा

सळईमास्तर, कृपया ती नक्कल स्कॅन करून ठेवा. किल्लारी परिसरातल्या एखाद्या शाळेला किंवा ग्रामपंचायतीलाही द्या. असे कागद एका पिढीत जातात. काही मदत लागली तर व्यनि (खाजगी निरोप) करा, मी सोलापूरला असतो, येऊन करून देईन.

सळईमास्तर

व्यनि केला आहे.

खडूफळा

मूळ प्रश्नाकडे येतो. कालपासून कलशाचाच विचार करतोय, मातीकाम ताईंच्या मुद्द्यासकट.

मला वाटतं, त्या तीन फोटोंत बंड आहेच, पण ते कलश फुटण्यात नाही, मधल्या चौकटीत आहे. कलश हवेत आहे आणि बघणाऱ्याचा हात आपोआप पुढे होतो. बाबांचाही झाला असणार. १९९५ साली बीजिंगच्या जुन्या बाजारात अशी भांडी ढिगाने मिळत होती, धरणांच्या, रस्त्यांच्या खोदकामात निघालेली, आणि कोणाचा हात पुढे होत नव्हता. त्याने आपल्याला हात पुढे करायला लावला. त्यामुळे चिडलेले बाबा हे त्या कलाकृतीचे सगळ्यात चांगले प्रेक्षक आहेत असं मी मानतो, आणि हे त्यांना माझ्यातर्फे आदराने सांगा.

उलटतपासणी

सर, मांडणी सुंदर आहे. तरी माझा आक्षेप तसाच राहतो, कारण मायामीला २०१४ मध्ये एका स्थानिक कलाकाराने आय वेवेच्याच रंगवलेल्या जुन्या कलशांपैकी एक उचलून आपटला, मागे भिंतीवर हेच तीन फोटो लावलेले होते. स्थानिक कलाकारांना संग्रहालय जागा देत नाही म्हणून निषेध, असं त्याचं म्हणणं. त्याला अटक झाली. आय वेवेनेही ते चुकीचं म्हटलं, ती वस्तू तुझी नव्हती म्हणून. म्हणजे शेवटी मालकीवर आलंच ना? मालकाने फोडलं तर कला, दुसऱ्याने फोडलं तर गुन्हा.

आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंची विक्री, नोंदणी, निर्यात यांवर बंधनं घालतो, त्यामागचं तत्त्व हेच की घरात असली तरी ती वस्तू पूर्णपणे तुमची नसते. बाबांचे वीरगळ हेच सांगतात. गोठा ज्याचा, पायरी त्याची, पण वीरगळ सगळ्या गावाचा. मी या बाजूनेच उभा राहणार.

एक मात्र मान्य करतो. अमेरिकेत जोखीम नाही असं मी म्हटलं होतं. पश्चिमेतही त्याचं तोंड बंद होतं हे नंतर वाचलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये इस्रायल-पॅलेस्टाइनवरच्या एका पोस्टवरून लंडनच्या लिसन गॅलरीने त्याचं प्रदर्शन ऐनवेळी पुढे ढकललं.

लंडनवासी

आणि हाँगकाँगचं एम प्लस. २०२१ मध्ये उघडलं, संग्रहात तिआनमेनसमोर मधलं बोट दाखवणारा त्याचा फोटो आहे, पण भिंतीवर लावला नाही. संग्रहालयाच्या तळघरातलं बंड.

बेलव्ह्यूकर

तो फोटो सिएटलच्या भिंतीवर आहे आणि शेजारी व्हाइट हाउससमोरचं बोटही आहे. शिवाय अमेरिकेतल्या म्यूलर अहवालाची (२०१६ च्या निवडणुकीतल्या रशियन हस्तक्षेपाच्या चौकशीचा) पानं लेगोत केलीत, काळ्या पट्ट्यांनी खोडलेल्या ओळींसकट. सध्याच्या वातावरणात सिएटलच्या मधोमध ते लावलंय याचं मला कौतुक वाटतं.

बाबांना खडूफळा सरांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला. म्हणाले, "हात पुढे झाला होता हे खरं. पण माझं मत माज हेच आहे, त्यांना नमस्कार सांग." उलटतपासणींचा वीरगळांबद्दलचा परिच्छेद मात्र त्यांनी वहीत उतरवून घेतलाय.

पोर्टलंडची_पाहुणी

सगळा धागा एका बैठकीत वाचला. पुढच्या शनिवारी येतेय, सोबत नऊ वर्षांचा मुलगा आहे. तिन्ही ठिकाणं एका दिवसात होतील का? मुलाला झेपेल का?

बेलव्ह्यूकर

सकाळी डाउनटाउनच्या मुख्य इमारतीपासून सुरू करा, तिथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. सोमवार-मंगळवार बंद असतं, शनिवार चालेल. दुपारी समुद्राकाठच्या बागेत मुंडकी बघा, ती उघड्यावर आहेत आणि तिकीट नाही, मुलगा तिथे पळेल. कमळांसाठी गाडीने टेकडीवर जावं लागेल. मुलाला लेगो आवडत असेल तर आधी तेच दाखवा.

दप्तरांच्या सापाखाली मात्र तो प्रश्न विचारेल. माझ्या मुलीने विचारला. मी तिला खरं तेच सांगितलं, शाळा कच्ची बांधली होती आणि ज्यांनी बांधली त्यांची नावं अजून कोणी सांगत नाही.